गणपतीपर्यंत तैलचित्र का होत नाही?

“बाय, गणपतीक गावतला मां?”

काकी शिरोड्याहून सकाळच्या एसटीनं वेंगुर्ल्याला आल्या होत्या. मे महिन्याचा उकाडा, हातात पिशवी आणि पिशवीत वर्तमानपत्रात गुंडाळलेले दोन फोटो. एक मतदार ओळखपत्रावरून मोठा करून घेतलेला. दुसरा कुणाच्या तरी लग्नातला, त्यात काका तिसऱ्या रांगेत, अर्धा खांदा पुढच्या माणसाच्या फेट्याआड. काका तांडेल, म्हणजे मासेमारी होडीचे प्रमुख, होते; त्यांना जाऊन चार वर्षं झाली. तिन्ही मुलगे मुंबईला. सगळे एकत्र येतात ते गणपतीत, म्हणून तैलचित्र तेव्हाच माटवीसमोरच्या (गणपतीच्या डोक्यावर बांधतात त्या फळाफुलांच्या चौकटीसमोरच्या) भिंतीवर लागलं पाहिजे, असा काकींचा हिशोब.

मी जानेवारी म्हटलं. त्यांचा चेहरा पडला. “फोटोवालो एका दिवसात करून देता,” त्या म्हणाल्या. ते खरंच आहे. फोटो कॅनव्हासवर छापून, वर चकाकी देऊन, फ्रेमसकट दुसऱ्या दिवशी मिळतो. मग मला आठ महिने कशाला लागतात?

हा प्रश्न मला दर मे महिन्यात विचारला जातो, आणि विचारणाऱ्याचं काही चुकत नाही. हातात ब्रश घेऊन मी कॅनव्हाससमोर उभी असते तो वेळ एकूण कामात फार थोडा. बाकीचा वेळ कुठे जातो ते गिऱ्हाइकाला कधी कुणी सांगितलेलं नसतं. काकींना सांगितलं तेच इथे जरा सविस्तर लिहिते.

आधी वाळण्याचं. धुतलेला कपडा वाळतो तेव्हा त्यातलं पाणी उडून जातं. जलरंगही तसेच वाळतात. तैलरंगाची गोष्ट वेगळी आहे. तैलरंग म्हणजे रंगाची अगदी बारीक पूड आणि जवसाचं तेल. हे तेल उडून जात नाही. ते हवेतला प्राणवायू ओढून घेतं, त्याचे रेणू एकमेकांत गुंतत जातात आणि पातळ तेलाचा हळूहळू चिवट पापुद्रा बनतो. वाळताना सुरुवातीच्या दिवसांत तर तैलरंगाचं वजन चक्क वाढतं, कारण हवेतलं काहीतरी त्यात येऊन बसलेलं असतं.

हे सगळ्यांनी घरी पाहिलेलं आहे. फोडणीचं तेल गॅसमागच्या फरशीवर उडतं. त्याच दिवशी पुसलं तर फडक्याला येतं, महिन्याभरानं हाताला चिकटतं आणि वर्षभर तसंच राहिलं तर नखानं खरवडावं लागतं. खोबरेलाचं मात्र असं होत नाही. बाटलीच्या तोंडाशी ओघळलेलं खोबरेल कितीही दिवसांनी तेलच असतं. प्राणवायू जिथे येऊन जोडला जातो तशा जागा खोबरेलाच्या रेणूंत जवळजवळ नसतात, जवसाच्या तेलात भरपूर असतात. त्यामुळे माडांच्या गर्दीत राहूनही आम्हा चित्रकारांना खोबरेलाचा काही उपयोग नाही.

काकींना हे लगेच कळलं, कारण त्यांनी होडी पाहिलेली. काजूच्या टरफलाचं तेल लाकडाला चोपडलं की ते आधी चिकचिकतं आणि मग लाकूड घट्ट धरून बसतं. “पावसात कधी चोपडूचा नाय,” त्या म्हणाल्या. मला जे सांगायचं होतं ते त्यांनी एका वाक्यात सांगून टाकलं होतं. मे महिन्यात ऑर्डर, सप्टेंबरात गणपती, आणि मधले सगळे महिने पावसाचे.

आमच्या किनाऱ्यावर वर्षाला ३००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि तो बहुतेक सगळा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. हवा इतकी दमट असते की मार्चमध्ये चार दिवसांत बोटाला न लागणारा थर जुलैत दहा-बारा दिवस ओला राहतो. आणि चित्र एका थरात होत नाही. आधी टर्पेंटाइननं पातळ केलेल्या तपकिरी रंगात छायाप्रकाश मांडायचा, मग त्वचेचे जाड थर, मग त्यावर तेलात कालवलेले पारदर्शक हात. दर वेळी खालचा थर पुरेसा वाळलेला हवा. वर जाताना प्रत्येक थरात तेल थोडं वाढवत न्यायचं, हा जुना नियम आहे आणि त्याला कारण आहे. कमी तेलाचा थर लवकर घट्ट होतो, जास्त तेलाचा बराच काळ हलत राहतो. तेलकट थर खाली आणि कोरडा वर असं झालं, तर खालचा हलतो, वरचा हलू शकत नाही आणि काही वर्षांनी चेहऱ्यावर तडे जातात.

प्रत्येक रंगाचा वाळण्याचा वेगही निराळा. अंबर नावाची तपकिरी माती लवकर वाळते, कारण तिच्यात मँगनीज असतं आणि ते या प्रक्रियेला हात देतं. आयव्हरी ब्लॅक, कॅडमियम लाल हे रेंगाळतात. म्हणून काकांच्या केसांसाठी ट्यूबमधला काळा न घेता अंबर आणि अल्ट्रामरीन निळा मिसळून मी काळा केला. तो लवकर वाळतो, आणि मला तो जास्त खराही वाटतो. उन्हात माणसाचे केस निव्वळ काळे मी अजून पाहिलेले नाहीत.

घाई केली तर काय होतं ते मी एकदा भोगलं आहे. काही वर्षांपूर्वी एका कुटुंबाच्या आग्रहापुढे मी नमले आणि आजोबांचं चित्र हाताला कोरडं लागतंय एवढ्यावरच देऊन टाकलं. फुग्याफुग्यांच्या प्लास्टिकमध्ये गुंडाळून रात्रीच्या बसनं ते मुंबईला गेलं. सकाळी फोन आला. प्लास्टिक सोडवलं तर आजोबांच्या कपाळावर, गालावर, सगळीकडे गोल गोल ठसे उमटलेले. वरचा पापुद्रा धरला होता, आतला रंग अजून लोण्यासारखा मऊ होता. कपाळ खरवडून पुन्हा करायला मला अडीच महिने लागले, आणि त्या घरातल्या आजींचा फोनवरचा आवाज मी विसरलेले नाही. तेव्हापासून पावसाळ्यातली तारीख मी कुणालाही देत नाही.

पावसाळ्यात कॅनव्हासही त्रास देतो. कापड आणि त्याच्यावर रंगाखाली दिलेली खळ दमट हवेत पाणी पिते आणि ताणलेला कॅनव्हास ढोलकीचा पुडा उतरावा तसा सैल पडतो. मागच्या लाकडी चौकटीच्या कोपऱ्यात लहान पाचरी असतात, त्या हलक्या हातानं ठोकून ताण परत आणायचा. पूर्वी खळ म्हणून जनावराच्या कातड्याचा सरस वापरत. बुरशीला तो फार आवडतो. मी ऍक्रिलिक अस्तर देते, तरी ऑगस्टमध्ये कॅनव्हासची मागची बाजू दर आठवड्याला तपासते. कागदावरची कामं ठेवते त्या कपाटात चार महिने एक ४० वॅटचा बल्ब दिवसरात्र जळतो.

आता उजेडाबद्दल. चित्रकाराच्या खोलीला उत्तरेची खिडकी हवी, हा नियम कलाशाळेत पहिल्या वर्षी शिकवतात. उत्तरेकडून थेट ऊन येत नाही, त्यामुळे दिवसभर उजेड सारखा राहतो आणि चेहऱ्यावरच्या सावल्या सरकत नाहीत. मी हे घर भाड्यानं घेतलं तेव्हा याच खिडकीवर भुलले होते. पहिल्याच मे महिन्यात भरदुपारी खिडकीबाहेरचं ऊन उत्तरेकडून पडताना दिसलं. नियम युरोपात तयार झाला, तिथे दुपारचा सूर्य बारा महिने दक्षिणेकडे असतो. वेंगुर्ला साधारण १६ अक्षांशावर. इथे मेच्या पहिल्या आठवड्यात भरदुपारी सूर्य बरोबर डोक्यावर येतो, सावली पायाखाली नाहीशी होते, आणि तिथून ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यापर्यंत दुपारचा सूर्य आकाशाच्या उत्तर बाजूला असतो. कौलारू घराची वळचण खाली उतरलेली असते म्हणून निभावतं. सिमेंटच्या सपाट छपराच्या खोलीत हे तीन महिने उत्तरेच्या खिडकीला पडदा लावायला लागेल.

आणि इथल्या उजेडाला रंग असतो. बाहेर अंगण जांभ्याचं, घरात लाल कोबा. खिडकीतून आलेला उजेड जमिनीवर आपटून वर येतो तो तांबूस होऊन. समोर बसलेल्या माणसाच्या हनुवटीखाली आणि नाकाच्या खालच्या बाजूला तो स्पष्ट दिसतो. जुलैत बाहेर सगळं हिरवं झालं की पांढऱ्या सदऱ्याच्या घड्यांत हिरवट छटा उतरते. सुरुवातीला मी जमिनीवर राखाडी चादर अंथरून हे रंग अडवायची. आता अडवत नाही. या मातीतल्या माणसाच्या हनुवटीखाली या मातीचा लाल असायलाच हवा, असं मला वाटतं.

इथून पुढचं समजवायला मला जास्त अवघड जातं. चित्रकारावर अमक्याचा प्रभाव आहे असं आपण म्हणतो, तेव्हा ऐकणाऱ्याला वाटतं की त्यानं अमक्याची नक्कल केली. रोजच्या कामात प्रभाव तसा येत नाही. एखाद्या जागी हात अडतो, आणि ती अडचण आधी कुणी कशी सोडवली होती ते आठवतं.

सावळाराम हळदणकर सावंतवाडीचे, जन्म १८८२ चा. हातात समई घेतलेल्या तरुणीचं त्यांचं ‘ग्लो ऑफ होप’ हे जलरंगातलं चित्र मैसूरच्या जगनमोहन राजवाड्यात आहे. मॉडेल म्हणून त्यांची मुलगी गीता उभी राहिली होती. पुष्कळ लोक हे चित्र राजा रविवर्म्याचं समजतात, याचं आम्हा इकडच्यांना वाईट वाटतं. त्या चित्रात ज्योतीवर धरलेल्या हाताची बोटं आतून लालसर पेटलेली दिसतात. बोटांवर उजेड पडलेला नाही, तो त्यांच्यातून आरपार आलेला आहे. जलरंगात पांढरा म्हणजे बहुतेक वेळा न रंगवलेला कागदच, म्हणजे तो उजेड कुठे राखायचा ते चित्रकारानं पहिल्या हाताआधीच ठरवायला लागतं. काकांचा कान रंगवताना मला ही बोटं आठवली. होडी संध्याकाळी किनाऱ्याला लागते, माणसाचं तोंड जमिनीकडे, मावळता सूर्य समुद्रावर, म्हणजे पाठीमागे. कानाची पाळी तेव्हा तशीच आतून लाल होते. ओळखपत्रावरच्या फोटोत समोरून फ्लॅश मारलेला, त्यात कान म्हणजे नुसता एक तपकिरी आकार होता. चित्रातला संध्याकाळचा उजेड त्या कानासाठी ठरला.

याच काळात मोठ्या मुलाचा मुंबईहून फोन आला. “ताई, बाबांना जरा उजळ दाखवा ना.” ही विनंती इतक्या घरांतून येते की तिच्याबद्दल मनापासून बोललंच पाहिजे. त्वचा रंगवण्याच्या ज्या कृती आपल्याकडे कलाशिक्षणातून आल्या, त्या मुळात गोऱ्या माणसांसाठी तयार झालेल्या. ‘फ्लेश टिंट’ अशा नावाची ट्यूब पिळली तर बाहेर गुलाबी रंग येतो. तो घेऊन कोकणातला तांडेल कसा रंगवणार? सावळ्या त्वचेत पांढरा मिसळत गेलं की ती उजळ होत नाही, राखेसारखी होते, माणूस आजारी दिसायला लागतो. सावळ्या कपाळावरची चमक निळसर असते, कारण आभाळ तिथे पॉलिश केलेल्या लाकडावर पडावं तसं पडलेलं असतं. सावलीत ती त्वचा ऊबदार तांबडी होते. हे मी गोव्यात शिकले. आंतोनियो शावियेर त्रिंदाद हे १८७० साली गोव्यात जन्मलेले चित्रकार, मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकले आणि तिथेच त्यांनी शिकवलं. त्यांची चित्रं पणजीच्या फुंदासांव ओरिएंत या संस्थेत आहेत. सावळे चेहरे गडद पार्श्वभूमीवर ठेवून त्यांनी ते झळाळते केले आहेत, कुठेही फिकट न करता. वेंगुर्ल्याहून सकाळी निघून संध्याकाळी परत येता येतं, आणि मी तिथे पुन्हा पुन्हा गेले आहे.

मुलाला मी दोन लहान अभ्यासचित्रं करून पाठवली. एक त्याच्या म्हणण्याप्रमाणे उजळ, दुसरं मला दिसलं तसं. चाळीस वर्षं उन्हात आणि खाऱ्या वाऱ्यात काढलेल्या माणसाच्या चेहऱ्यावर त्याची कमाई दिसते, ती मी पुसणार नाही, असंही लिहिलं. दोन दिवसांनी उत्तर आलं, “दुसरं. ते बाबा आहेत.”

माझ्यावरचा दुसरा प्रभाव तैलचित्राच्या जगातला नाहीच. कुडाळजवळच्या पिंगुळीत ठाकर समाजाची चित्रकथी परंपरा आहे. रामायण-महाभारतातली आख्यानं सुट्या कागदांवर रंगवायची आणि एकेक चित्र समोर धरून गात गात सांगायची. परशुराम गंगावणे यांना या कलेसाठी २०२१ मध्ये पद्मश्री मिळाली. या चित्रांत छायाप्रकाश नसतो, चेहरे बाजूनं काढलेले, डोळे मोठे, रेषा ठाम. तरी कोण कोण आहे ते लांबून कळतं, कारण पात्र त्याच्या उभं राहण्यावरूनही ओळखता येतं. ही चित्रं पाहिल्यापासून मी प्रत्येक गिऱ्हाइकाला विचारते, ते उभे कसे राहायचे?

काकींनी सांगितलं नाही, त्या खुर्चीतून उठल्या. डाव्या पायावर भार टाकला, उजवा हात मागे कमरेवर उलटा टेकवला आणि मान किंचित पुढे काढून लांब बघितलं. “असो,” त्या म्हणाल्या. त्या अर्ध्या मिनिटात दोन्ही फोटोंपेक्षा जास्त मला मिळालं.

हात राहिले होते. फोटोत हात नव्हतेच. मुलांचे हात घ्यावेत म्हटलं तर ते कंप्युटरवर काम करणारे, मऊ. शेवटी शिरोड्याला जाऊन काकांच्या होडीवरच्या एका जुन्या सोबत्याचे हात दोन सकाळी बसून रेखाटले. अंगठा आणि तर्जनीच्या मधल्या चामडीवर दोरीनं पडलेली एक जाड घडी होती, पिवळसर, भाकरीच्या करपलेल्या कडेसारखी. ते बोटं पूर्ण सरळ करू शकत नव्हते. हे मला घरी बसून सुचलं नसतं.

ऑर्डरचं काम म्हणजे दुय्यम काम, असं कलेच्या वर्तुळात अजूनही बोललं जातं. मला ते पटत नाही. रविवर्म्यानं बडोद्याच्या सयाजीराव महाराजांसाठी केलेली पौराणिक विषयांवरची १४ चित्रं ऑर्डरचीच होती. १८८८ मध्ये काम मिळालं, १८९० मध्ये पुरं झालं, आणि आपल्या देवदेवतांचे चेहरे आपल्या डोळ्यांसमोर आज जसे येतात त्यात त्यांचा मोठा वाटा आहे. मात्र ऑर्डरच्या कामात बोलणं आधी व्हायला हवं. मी पैसे तीन हप्त्यांत घेते: विसार, कोळशाचं रेखाटन पसंत पडल्यावर दुसरा हप्ता आणि चित्र नेताना उरलेले. बदल सांगायचे ते रेखाटनाच्या वेळी. मान वळवायची, चष्मा काढायचा, टोपी घालायची, काय हवं ते तिथे पाच मिनिटांत होतं. चौथ्या थरानंतर चष्मा काढायचा म्हणजे डोळे नव्यानं करायचे.

कायद्याबद्दल गिऱ्हाईक आणि चित्रकार दोघंही सहसा अंधारात असतात. आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात एरवी चित्राचा कॉपीराइट चित्रकाराचा असतो. पण मोबदला देऊन कुणी मागणी करून चित्र काढून घेतलं, तर वेगळा करार नसल्यास पहिला मालक तो मागणी करणारा, असं कलम १७ सांगतं. म्हणजे काकांच्या चित्राच्या प्रती काढून भावकीत वाटायच्या, दिनदर्शिकेवर छापायचं, तर तो हक्क काकींच्या घराचा. मला ते माझ्या प्रदर्शनात किंवा पुस्तिकेत छापायचं तर तसं आधी लिहून घ्यायला हवं. मी एका कागदावर चार ओळी लिहून दोघांच्या सह्या घेते.

चित्रकाराकडे एक गोष्ट तरीही उरते. कलम ५७ प्रमाणे, कॉपीराइट दुसऱ्याकडे गेला तरी चित्र माझं आहे हे सांगण्याचा हक्क माझा राहतो, आणि माझ्या नावाला बट्टा लागेल अशी मोडतोड झाली तर मी दाद मागू शकते. शिल्पकार अमरनाथ सहगल यांचं दिल्लीच्या विज्ञान भवनातलं भलंमोठं भित्तिशिल्प १९७९ मध्ये उतरवून गोदामात टाकलं गेलं, त्याची नासधूस झाली. ते काम सरकारनंच करून घेतलेलं होतं. सहगल कोर्टात गेले, आणि २००५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयानं शिल्पाचे अवशेष त्यांना परत द्यायला आणि ५ लाख रुपये भरपाई द्यायला सांगितलं. हा निकाल प्रत्येक चित्रकाराला माहीत असावा.

काकींचा गणपतीचा प्रश्न आम्ही असा सोडवला. तैलचित्रासाठी मूळ आकारात कोळशाचं रेखाटन मी करणारच होते. ते कोळसा पुसला जाऊ नये म्हणून फिक्सेटिव्ह मारून, काचेखाली घालून चतुर्थीच्या आदल्या दिवशी शिरोड्याला पोचवलं. कोळशाला वाळावं लागत नाही. तिन्ही मुलगे, सुना, नातवंडं त्याच्यासमोर आरतीला उभी राहिली. हरतालिकेच्या दिवशी रेखाटन भिंतीवर टांगताना काकी त्याच्याकडे बघून काही बोलल्या नाहीत. फक्त पदरानं काच पुसली, दोनदा.

तैलचित्राचे शेवटचे दोन थर दिवाळीनंतरच्या कोरड्या हवेत भरभर धरले. जानेवारीच्या शेवटी ते घरी गेलं, या वेळी मऊ सुती कापडात आणि चेहऱ्याला काही टेकणार नाही अशा लाकडी खोक्यात. समई आणि उदबत्तीच्या काजळीपासून वाचवायला वर वार्निशचा हात हवा, पण तो सहा महिने ते वर्षभर थांबून, रंग आतपर्यंत घट्ट झाल्यावरच. तोवर उदबत्ती समोरच्या कोपऱ्यात लावा, असं सांगून आले आहे. पुढच्या डिसेंबरात हवा कोरडी झाली की वार्निशची बाटली घेऊन मीच शिरोड्याला जाणार आहे.